पहिला टेलिस्कोप, तोही टेबलावरचा: मराठवाड्यातून आकाश बघायला लागणाऱ्यांसाठी

"पहिली दुर्बीण कोणती घेऊ?" असं कुणी विचारलं की मी बुटका टेबलटॉप टेलिस्कोप सुचवतो आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याच्या डोळ्यासमोर लांबलचक पांढरी नळी आणि तीन पायांचं उंच स्टँड असतं. मी सांगतो ती वस्तू आखूड, जाड आणि लाकडी फिरत्या बैठकीवर बसवलेली. दिसायला अगदीच साधी. तरी नवख्याने हीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे. स्वस्त दुर्बिणीत बराच पैसा स्टँडवर खर्च होतो आणि ते स्टँड नुसत्या हात लावण्याने थरथरतं. टेबलटॉपमध्ये स्टँडच नसल्याने तो पैसा आरशात जातो, आणि दिसणं-न दिसणं सगळं आरशावर ठरतं.

या बैठकीला डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन हा सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात राहणारा साधू. १९४४ ते १९६७ अशी तेवीस वर्षं तो तिथे होता. भंगारातली काच घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरायच्या, खालची बैठक प्लायवूडची, आणि रस्त्यावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा, हा त्याचा उद्योग. आज कंपन्या विकतात ते टेबलटॉप त्याच बैठकीचं छोटं रूप. वर-खाली आणि डावी-उजवीकडे, एवढ्या दोनच हालचाली. बैठकीला मोटार नाही, सेल नाहीत. लाईट गेली तरी अडत नाही, उलट बरंच होतं.

आधी लागणाऱ्या वस्तूंची यादी देतो, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको:

- टेलिस्कोप आणि सोबत येणारे दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं (बहुतेक २५ मिमी आणि १० मिमी)
- ठेवायला न डगमगणारी जागा किंवा मजबूत स्टूल
- टॉर्च आणि त्यावर बांधायला लाल जिलेटीन कागद
- घरातलं तिथीचं कॅलेंडर
- मोबाइलमध्ये आकाशाचा नकाशा दाखवणारं स्टेलॅरियम ॲप, त्यात आपलं गाव टाकून
- सतरंजी, थंडीत कानटोपी, शेतात जाणार असाल तर बूट
- बिल, वॉरंटी कार्ड आणि मूळ खोका

१. घेताना फक्त एक आकडा बघा

तो आकडा म्हणजे आरशाचा व्यास. "५२५ पट मोठं दिसतं" असं खोक्यावर छापलेलं असेल तर खोका तिथेच ठेवून द्या. किती पट दिसणार हे आयपीस बदलून कुणालाही वाढवता येतं, प्रकाश मात्र आरसा गोळा करेल तेवढाच मिळतो. व्यास मिलिमीटरमध्ये धरून त्याची दुप्पट, हीच कामाच्या पटीची वरची हद्द. ६० मिमीच्या दुर्बिणीला १२० पटीपुढे नुसता धुरकट गोळा दिसतो, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

टेबलटॉप साधारण ७६, १००, ११४, १३० आणि १५० मिमीमध्ये येतात. ७६ मिमीचा लहान मुलांसाठी चालतो, चंद्र छान दाखवतो, पण ग्रहांवर लवकर थकतो. माझी शिफारस १३० मिमीची. ७६ च्या जवळजवळ तिप्पट प्रकाश तो गोळा करतो, आणि अंधारात पूर्ण उघडलेल्या आपल्या डोळ्याच्या तीनशे पटीहून जास्त. स्काय-वॉचरचा हेरिटेज १३०पी हा या मापातला जुना, नावाजलेला नमुना. आरसा १३० मिमी, फोकल लांबी (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) ६५० मिमी, नळी अर्धी आत सरकवता येते आणि वजन सहा-साडेसहा किलो. पिशवीत घालून एसटीत मांडीवर नेता येतो. १५० मिमीचा त्याहून सरस आहे, पण किंमत आणि आकार दोन्ही चढतात.

आरसा पॅराबोलिक, म्हणजे परवलयासारख्या खोलगटपणाचा, आहे ना, हे विक्रेत्याला विचारून घ्या. आखूड नळीच्या स्वस्त टेलिस्कोपात चेंडूच्या तुकड्यासारख्या खोलगटपणाचा (स्फेरिकल) आरसा असतो आणि पट वाढवली की चित्र विस्कटतं. आयपीस सव्वा इंचाचे आहेत का हेही बघा. त्याहून बारीक प्लास्टिकचे असतील तर पुढे दुसरं काही जोडता येत नाही.

बजेट ११४ पर्यंतही पोचत नसेल तर टेलिस्कोप घेऊच नका. त्या पैशात १०×५० ची (दहा पट, ५० मिमीची भिंगं) दोन डोळ्यांची चांगली दुर्बीण येते. कृत्तिका, चंद्र, आकाशगंगेचा पट्टा यांसाठी ती हलक्या टेलिस्कोपापेक्षा कितीतरी बरी, आणि पुढे मोठा टेलिस्कोप आला तरी ती अडगळीत जात नाही.

२. मागवताना

तालुक्याच्या गावी दुकानात असं काही मिळत नाही, त्यामुळे ऑनलाइनच मागवावं लागतं. जीएसटीचं पक्कं बिल मागा. भारतातली वॉरंटी कोण देतं हे लेखी घ्या, कारण बाहेरून आणून विकणारे पुष्कळ आहेत. खोका उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. आरशाला तडा असेल तर तोच तुमचा पुरावा. खोका आणि आतला थर्माकोल टाकू नका. पुढे विकायचा झाला तर खोक्यासह चांगली किंमत येते.

आरशावर दोन-चार धुळीचे कण दिसले म्हणून परत पाठवायची घाई नको. त्यांनी काही बिघडत नाही. मुख्य आरशाच्या मध्यावर छोटं वर्तुळ किंवा ठिपका असतो, तो मुद्दाम लावलेला असतो. तो खरवडून काढू नका.

३. ठेवणार कशावर?

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि जाहिरातीत नेमकी हीच नसते. "टेबलटॉप" म्हटल्यावर लोक घरातलं टेबल शोधतात. जेवणाचं टेबल गच्चीवर कोण नेणार? मग प्लास्टिकची खुर्ची येते. तिच्यावर ठेवून ६५ पटीने गुरू बघा: फोकसच्या चक्रीला बोट लागलं की गुरू नाचायला लागतो आणि बघणारा म्हणतो, "हे तर काहीच दिसत नाही." टेलिस्कोपाचा यात काही दोष नसतो.

चांगले पर्याय बहुतेक घरातच सापडतात. गच्चीवर किंवा अंगणात सिमेंटचा ओटा असेल, कपडे धुण्याची दगडी शिळा असेल, पाण्याच्या टाकीखालचा बांधीव कट्टा रिकामा असेल तर त्याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही. ते नसेल तर सुताराकडून तीन पायांचं जाड लाकडी स्टूल करून घ्या. तीनच पाय सांगा. चार पायांचं स्टूल उंचसखल जागेवर डुगडुगतं, तीन पायांचं कधीच नाही. उंची गुडघ्याएवढी, वरची फळी टेलिस्कोपाच्या बैठकीपेक्षा बोटभर मोठी, आणि कडेने पातळ पट्टी ठोकलेली, म्हणजे अंधारात बैठक सरकून घसरणार नाही.

माझी आवडती रीत मात्र अगदी खालची आहे. पूजेचा जाड चौरंग सतरंजीवर मांडायचा, त्यावर टेलिस्कोप, आणि आपण मांडी घालून शेजारी. वारा कमी लागतो, लहान पोरांचे डोळे आपसूक आयपीसच्या उंचीला येतात, आणि जमिनीवर बसलेला माणूस घाई करत नाही. वस्तू डोक्यावर आली की आयपीसही वर चढतो, तेव्हा गुडघ्यावर बसावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या मंडळींसाठी पुन्हा स्टूलच.

गच्चीच्या कठड्यावर कधीही ठेवू नका. कठडा पक्का वाटतो, उंचीही नेमकी सोयीची असते, आणि म्हणूनच मोह होतो. अंधारात कुणाचा तरी कोपर लागतो आणि सहा किलोचा ऐवज खालच्या गल्लीत.

४. दिवसाउजेडी जुळवणी

रात्रीची वाट बघू नका, पहिली जुळवणी दुपारी करा. नळी सूर्याच्या उलट्या दिशेला, लांबच्या मोबाइल टॉवरच्या टोकाकडे किंवा देवळाच्या कळसाकडे वळवा. अंतर किमान एक-दोन किलोमीटर असू द्या. नळी सरकणारी असेल तर पूर्ण बाहेर ओढून कळ घट्ट करा. अर्धवट ओढलेल्या नळीला फोकसच येत नाही, आणि नव्या टेलिस्कोपाबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

२५ मिमीचा आयपीस लावा. कळस मध्यावर आणा. तो उलटा दिसेल. घाबरू नका, न्यूटनच्या रचनेच्या टेलिस्कोपात चित्र उलटंच येतं आणि आकाशात वर-खाली असं काही नसतंच. आता टेलिस्कोप न हलवता नळीवरच्या फाइंडरचा, म्हणजे नेम धरायच्या छोट्या साधनाचा, लाल ठिपका त्याच कळसावर येईपर्यंत त्याचे दोन स्क्रू फिरवा. झालं. रात्री लाल ठिपका ताऱ्यावर ठेवला की तारा आयपीसमध्ये येईल. फाइंडर बंद करायला विसरू नका. नाहीतर त्याचा छोटा गोल सेल उतरतो.

पट काढायचं गणित सोपं आहे: फोकल लांबीला आयपीसच्या आकड्याने भागा. ६५० ला २५ ने भागलं तर २६ पट, १० ने भागलं तर ६५ पट. आकडा लहान तेवढी पट मोठी. २६ पट ऐकून हिरमुसू नका. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र शोधले ते सुमारे २० पटीच्या दुर्बिणीतून, आणि त्याचं भिंग तुमच्या आरशापुढे फारच लहान होतं.

५. जागा आणि तिथी

मराठवाड्यात एक सुख आहे. संभाजीनगर, नांदेड, लातूर अशी मोठी शहरं सोडली की वीस-पंचवीस किलोमीटरवर बऱ्यापैकी अंधार मिळतो. बालाघाटाच्या माथ्यावरची गावं, अजिंठ्याच्या डोंगराकडचा भाग, म्हैसमाळ, धरणांच्या पाणलोटाकडच्या मोकळ्या जागा, सगळीकडे आकाश उघडं. पण गावातल्या चौकात हायमास्ट दिवा बसलेला असेल तर गावात राहूनही शहरासारखीच अवस्था. अशा वेळी शेतातला आखाडा गाठावा. निघण्याआधी घरी सांगून जा, सोबत एक जण घ्या, बूट घाला आणि सतरंजी टाकण्याआधी टॉर्चने जागा नीट बघा. विंचू-काट्याची भीती खोटी नाही.

माळवदाचं जुनं घर असेल तर तुम्ही नशीबवान. उन्हाळ्यात सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत गरम हवा वर सोडतो. त्या हवेतून गुरू बघितला तर तो उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा लवलवतो. मातीचं माळवद फार लवकर निवतं. स्लॅबच असेल तर संध्याकाळी पाणी मारा, धूळही बसते, आणि ग्रह बघायचं काम रात्री उशिरा ठेवा. टेलिस्कोपही अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. परभणीकडच्या डिसेंबरच्या थंडीत उबदार खोलीतून काढलेला टेलिस्कोप लगेच डोळ्याला लावला तर पहिली वीस मिनिटं सगळे तारे पसरट दिसतात.

आता तिथी. इंग्रजी पुस्तकातलं "चंद्र नसलेल्या रात्री बघा" हे आपल्याला भिंतीवरच्या कॅलेंडरात आयतं मिळतं. माझा हिशेब असा:

शुक्ल पंचमी ते दशमी चंद्रासाठी. कृष्ण षष्ठीपासून पुढच्या शुक्ल तृतीयेपर्यंत तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिकांसाठी. बाकीच्या दिवसांत ग्रह आणि जोडतारे, त्यांना चांदण्याने फरक पडत नाही. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर छापलेलीच असते. तिथून पुढे चंद्र रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा उगवतो असं धरा, म्हणजे कोणत्या रात्री किती वेळ अंधार मिळेल हे ॲप न उघडता कळतं.

अंधारात डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पांढरा पडदा एकदा पाहिला की सगळं पहिल्यापासून. लाल कागद लावलेली टॉर्च त्यासाठीच. रात्रीच्या लाईटीवर रब्बीला पाणी देणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. घरात तसं जुनं कुणी असेल तर त्यांना सोबत बसवा. तिकांडं (मृगातले एका रेषेतले तीन तारे) कुठे आलं की किती वाजले, हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि मृग नक्षत्र ओळखायला याहून सोपी खूण नाही.

६. पहिल्या रात्री फक्त चंद्र

शुक्ल अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. संध्याकाळी चंद्र वर असतो, शोधायला लागत नाही. २५ मिमीने सुरू करा, मध्यावर आणा, मगच १० मिमी लावा. नेहमी हाच क्रम. आधीच जास्त पट लावली तर आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो आणि त्यात काहीच सापडत नाही.

चंद्राच्या भरल्या बाजूकडे बघू नका. उजेड आणि अंधार जिथे भेटतात त्या रेषेवर थांबा. तिथे सूर्याचे किरण तिरपे पडतात, विवरांच्या सावल्या लांब होतात आणि डोंगर उठून दिसतात. पौर्णिमेला सावल्या नाहीशा होतात, चंद्र सपाट आणि डोळे दिपवणारा. कोजागरीला आटीव दुधाबरोबर "तुझी दुर्बीण आण रे" असा निरोप हमखास येतो. टेलिस्कोपाने चंद्र बघायला तीच सगळ्यात वाईट रात्र, पण २०२६ आणि २०२७ दोन्ही वर्षी कोजागरीच्या सुमारास शनी संध्याकाळपासून आकाशात आहे. चंद्र साध्या डोळ्यांनी बघू द्या, रांग शनीकडे लावा.

वस्तू सतत सरकत असते, ही पृथ्वीच्या फिरण्याची करामत. ६५ पटीने बघताना ती साधारण तीन मिनिटांत एका काठावरून दुसऱ्या काठाला जाते. दुसऱ्याला दाखवताना ती मधोमध ठेवू नका, ज्या काठाने ती आत येते त्या काठाला ठेवा, म्हणजे त्याच्या डोळ्यासमोरून पूर्ण जाईल. आणि आधीच बजावा: "हात मागे बांध, नळीला धरू नको." प्रत्येक नवा माणूस नळी हाताने धरूनच वाकतो.

७. गुरू आणि शनी

गुरू २६ पटीनेच चपटी छोटी तबकडी दिसतो आणि शेजारी एका रेषेत चार ठिपके. दुसऱ्या रात्री पुन्हा बघा, ठिपके जागा बदललेले असतात. ६५ पटीने दोन करडे पट्टे दिसायला लागतात, हवा शांत असेल तर. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आपल्या आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येतो, म्हणजे तेव्हा रात्रभर दिसेल आणि सर्वांत तेजस्वी असेल.

शनीबद्दल एक सूचना. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला नेमकी कडेने दिसत होती, म्हणजे जवळजवळ नाहीशीच. आता ती हळूहळू उघडत आहेत आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यात रुंद होतील. इंटरनेटवरच्या जुन्या फोटोंसारखी कडी आत्ता का दिसत नाहीत, म्हणून आरसा खोलून बसू नका. तरीही ६५ पटीने गोळ्याच्या दोन्ही बाजूंना निघालेली बारीक रेघ बघून माणसं "चिकटवलंय का आत?" असं विचारतातच. ४ ऑक्टोबर २०२६ ला शनी असाच सूर्याच्या विरुद्ध दिशेला आहे.

मंगळाकडून फार अपेक्षा ठेवू नका. शुक्राच्या चांदणीची कोर मात्र जरूर बघा, ती चंद्रासारखी वाढते-घटते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

फोटोतले गुलाबी-निळे रंग आयपीसमध्ये दिसत नाहीत. तेजोमेघ करडे दिसतात. हे पाहुण्यांना आधी सांगितलं की निराशा टळते.

८. आपल्या अक्षांशाचा फायदा

मराठवाडा साधारण १८ ते २० उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ध्रुवतारा उत्तरेला फक्त तेवढेच अंश वर, झाडाझुडपांत हरवलेला. पण टेबलटॉपला ध्रुवाशी जुळवावं लागत नाही, आणि त्या बदल्यात दक्षिणेचं आकाश आपल्याला जास्त मिळतं.

हिवाळ्यात तिकांड्याच्या खाली लटकणारा मृगातला तेजोमेघ, मेसियेच्या यादीतला एम ४२. २६ पटीने पंख पसरल्यासारखा धूर आणि मधोमध बारीक तारे, १० मिमीने तिथे चार वेगळे मोजता येतात. कृत्तिका मात्र २५ मिमीनेच बघा, जास्त पट लावली की ती आयपीसमध्ये मावत नाही. मार्चमध्ये पुष्य नक्षत्रातला मधुछत्र हा तारकागुच्छ. ऑक्टोबर-नोव्हेंबरला देवयानी दीर्घिका, अंधाऱ्या गावातून लांबट अंधुक ढग. पश्चिमेकडे कलणाऱ्या हंस तारकासमूहातला अल्बिरिओ, एक तारा सोनेरी आणि दुसरा निळसर. इथे रंग खरेच दिसतात.

पण माझ्या मते आपली खरी मिळकत एप्रिल-मे महिन्यातली आहे: ओमेगा सेंटॉरी. लाखो ताऱ्यांचा बंदिस्त गोलाकार गुच्छ. दिल्लीहून तो दक्षिण क्षितिजावर जेमतेम १४ अंश वर येतो, धुळीत बुडालेला. आपल्याकडून २३-२४ अंश. सापडायला सोपा, कारण तो चित्रेच्या जवळजवळ बरोबर खाली आहे. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास चित्रा दक्षिणेला उंचावर असते. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंश झाकते. चित्रेपासून सरळ खाली क्षितिजाकडे साडेतीन मुठी उतरा, २५ मिमीने हळूहळू फिरवा. एकही ठळक तारा नसलेल्या जागी मोठा, गोल, दाणेदार डाग येईल. मग १० मिमी लावा आणि नजर थेट न रोखता किंचित बाजूला धरा, कडेचे तारे सुटे व्हायला लागतात. उन्हाळ्याचा धुरळा फार असेल तर वळवाचा एखादा पाऊस पडून गेल्यावरची रात्र गाठा, हवा धुऊन निघालेली असते. त्याच हंगामात रात्री उशिरा वृश्चिकाच्या नांगीजवळचे एम ६ आणि एम ७ हे दोन गुच्छ चुकवू नका.

जाता जाता एक. हिंगोली जिल्ह्यात "औंढ्याला मोठी दुर्बीण होतेय, तिथून बघता येईल ना?" असं विचारणारे खूप भेटतात. औंढा नागनाथजवळचा लायगो-इंडिया प्रकल्प, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, तो गुरुत्वीय लहरी पकडण्यासाठी आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांत लेझर, डोळा लावायला आयपीस नाही. तोवर चौरंगावरचाच बरा.

९. सूर्य: इथे गंमत नाही

टेलिस्कोप सूर्याकडे कधीही वळवू नका. क्षणभरही नाही, फाइंडरमधूनही नाही. डोळा कायमचा जातो आणि जाताना दुखतही नाही. जुन्या टेलिस्कोपांबरोबर आयपीसला लावायचा गडद "सन फिल्टर" यायचा, तो मिळाला तर फोडून टाका. उष्णतेने तो तडकतो. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारा प्रमाणित सोलर फिल्टरच हवा. एक्स-रेची फिल्म, वेल्डिंगची कुठलीतरी काच, सीडी, हे काही चालत नाही. दिवसा टेलिस्कोप टोपणाशिवाय अंगणात ठेवून आत जाऊ नका, पोरं असतात.

१०. देखभाल आणि पुढची खरेदी

आरसा कापडाने पुसू नका. आपल्याकडची धूळ म्हणजे बारीक वाळू, पुसली की चरे पडतात. हवेच्या रबरी पंपाने उडवा, नाहीतर राहू द्या. वापरात नसताना दोन्ही टोपणं घट्ट. उसाच्या भागात पाचट जाळतात तेव्हा उडणारी काजळी आरशावर बसू देऊ नका, त्या रात्री टेलिस्कोप आतच.

सरकत्या नळीच्या टेलिस्कोपात पुढचा भाग उघडा असतो. काळा कार्डशीट गुंडाळून नळीसारखी झालर केली की शेजारच्या दिव्याचा उजेड आत शिरत नाही आणि हिवाळ्यात दवही कमी बसतं. पन्नास-शंभर रुपयांचं काम, पण फरक मोठा.

खडबडीत रस्त्यावरून नेल्यावर आरसे सरकू शकतात. तपासायला एखादा ठळक तारा मध्यावर घ्या, फोकस बिघडवा आणि दिसणारं वर्तुळ बघा. मधला काळा ठिपका मधोमध असेल तर सगळं ठीक. एका बाजूला सरकला असेल तर मागचे स्क्रू अगदी पाव-पाव फेरा फिरवून तो मध्यावर आणा. पहिल्या महिन्यात मात्र स्क्रूंना हात लावू नका, आधी चांगलं चित्र कसं असतं ते डोळ्याला कळू द्या.

पहिले सहा महिने काही विकत घेऊ नका. त्यानंतर दोन पटीचा बार्लो (आयपीसच्या आधी बसवायचं, पट दुप्पट करणारं भिंग) घ्या, १० मिमीबरोबर १३० पट मिळते आणि या आरशाला ती सहज झेपते. मोबाइल लावायची क्लिप हौसेची वस्तू, चंद्राचे फोटो मात्र तिने चांगले येतात. अडलं तर जाणत्यांना विचारा: पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांचं काम करते, आणि संभाजीनगरला एमजीएमचं अंतराळ व विज्ञान केंद्र आहे.

जूनमध्ये ढग आले की टेलिस्कोप टोपणं लावून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून मूळ खोक्यात ठेवा, पलंगाखालच्या ओलीत नको, कपाटाच्या वरच्या फळीवर. महिन्यातून एकदा कोरड्या दुपारी उघडून तासभर हवा द्या, नाहीतर आरशावर बुरशी धरते. नवरात्राच्या सुमारास बाहेर काढाल तेव्हा आधी फाइंडरचा सेल बदला आणि दिवसा कळसावर पुन्हा जुळवून घ्या.